‘चार वर्षांपूर्वीपेक्षा आज बरं चाललंय का?’ : अमेरिकी डिबेटमधल्या एका प्रश्नाची पार्श्वभूमी

१० सप्टेंबर २०२४ च्या रात्री फिलाडेल्फियात कमला हॅरिस आणि डोनाल्ड ट्रम्प समोरासमोर आले. सूत्रसंचालक डेव्हिड म्युअर यांनी पहिलाच प्रश्न हॅरिस यांना टाकला: अर्थव्यवस्थेचं बघितलं तर चार वर्षांपूर्वीपेक्षा अमेरिकी लोकांचं आज बरं चाललंय, असं तुम्हाला वाटतं का? हॅरिस यांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. आपण मध्यमवर्गीय घरात वाढलो, असं सांगून त्या लहान मुलांच्या पालकांसाठी सहा हजार डॉलरची करसवलत आणि नव्या छोट्या धंद्यांसाठी पन्नास हजारांची वजावट या योजनांकडे वळल्या. ट्रम्प यांनी थोड्याच वेळात सीरियल, बेकन आणि अंड्यांची नावं घेतली. लोकांना एवढंही विकत घेणं परवडत नाही, असं ते म्हणाले.

प्रश्नाचं वय तेव्हा ४४ वर्षं होतं. डिबेटच्या व्यासपीठावरून तो १९८० साली रोनाल्ड रेगन यांनी विचारला. पण गोष्ट रेगन यांच्या आधीपासूनची आहे.

दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकेत वस्तूंच्या भावांवरचं सरकारी नियंत्रण ठेवायचं की उठवायचं यावर मोठी ओढाताण झाली. १९४६ च्या शरद ऋतूत दुकानांतून मांस दिसेनासं झालं. ‘पुरे झालं ना?’ एवढ्याच घोषणेवर रिपब्लिकन पक्षाने अमेरिकी काँग्रेसची दोन्ही सभागृहं जिंकली. १९५२ साली टीव्ही घराघरांत पोचू लागला होता. आयझेनहॉवर यांच्या प्रचारासाठी वीस-वीस सेकंदांच्या जाहिराती बनल्या. त्यांतल्या एकीत एक बाई वाणसामान दाखवून त्याला किती पैसे पडले ते सांगते. दुसऱ्या एकीत आयझेनहॉवर म्हणतात, भाव वाढल्याचं आमची मेमीसुद्धा मला सारखं ऐकवते. युरोप जिंकून आलेला सेनापती बायकोच्या किराण्याच्या तक्रारी सांगून मतं मागत होता.

उमेदवारांना एकाच स्टुडिओत समोरासमोर आणलं ते १९६० साली. २६ सप्टेंबरला शिकागोत केनेडी आणि निक्सन यांची पहिली डिबेट झाली. तिची आठवण निघाली की निक्सन यांचा घामेजलेला चेहरा आणि केनेडींचं देखणेपण यांवरच बोललं जातं. मला ते नेहमी खटकतं, कारण त्या रात्रीचा विषय देशांतर्गत प्रश्नांचा होता आणि बोलणं चांगलं भरीव झालं होतं. केनेडींनी सांगितलं की सरकारी अन्नाच्या पाकिटासाठी दर महिन्याला चाळीस लाख लोक वाट बघतात आणि त्या पाकिटाची किंमत माणशी दिवसाला सरासरी पाच सेंट पडते. आयझेनहॉवर यांचे उपाध्यक्ष असलेल्या निक्सन यांनी आकड्यांचा हिशेब मांडला. आधीचे अध्यक्ष ट्रूमन यांच्या काळात भाव आयझेनहॉवर यांच्या काळापेक्षा पाचपट वाढले. सरासरी कुटुंबाचं उत्पन्न मात्र ट्रूमन यांच्या वर्षांत दोन टक्के आणि आमच्या वर्षांत पंधरा टक्के वाढलं, असा त्यांचा दावा होता. ‘आमचा कारभार, त्यांचा कारभार’ अशी तुलना डिबेटमध्ये तिथून सुरू झाली.

पण एप्रिल १९६० पासून अर्थव्यवस्था मंदीत शिरली होती. आठ वर्षांची बेरीज निक्सन यांच्या बाजूने असली, तरी शेवटचे सहा महिने विरुद्ध गेले. सव्वा लाखाहूनही कमी मतांच्या फरकाने ते हरले. त्या मंदीने आपल्याला बुडवलं, हे त्यांच्या मनातून कधी गेलं नाही, आणि पुढची वीस वर्षं अमेरिकी घरांनी जी महागाई सोसली तिचा एक धागा इथपर्यंत येतो.

१९६० नंतर सोळा वर्षं अध्यक्षीय डिबेट झालीच नाही. १९३४ च्या दळणवळण कायद्याप्रमाणे वाहिनीने एका उमेदवाराला वेळ दिला तर छोट्यामोठ्या सगळ्याच उमेदवारांना तेवढाच वेळ द्यावा लागे. १९६० पुरती ती अट बाजूला ठेवली होती. पुढे अध्यक्ष जॉन्सन यांना डिबेटमध्ये रस नव्हता, आणि १९६८ व १९७२ मध्ये निक्सन यांना तर मुळीच नव्हता.

निक्सन यांना रस होता तो निवडणुकीच्या वर्षात बेकारी खाली ठेवण्यात. १५ ऑगस्ट १९७१ ला त्यांनी टीव्हीवरून ९० दिवसांसाठी भाव आणि पगार दोन्ही गोठवले. फेडरल रिझर्व्ह या अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख आर्थर बर्न्स यांनी पैसा सैल सोडावा म्हणून दबाव आणला. त्या संभाषणांच्या ध्वनिफिती पुढे सगळ्या जगाने ऐकल्या. १९७२ ची निवडणूक त्यांनी ४९ राज्यं घेऊन जिंकली, एकदाही समोरासमोर न येता. नियंत्रणं सैल होताच दाबलेले भाव उसळले. सोव्हिएत संघाने अमेरिकेतून प्रचंड गहू उचलला होता, अनेक देशांत पिकं बुडाली होती. मार्च १९७३ मध्ये निक्सन यांना गोमांस, डुकराचं मांस आणि मेंढीचं मांस यांच्या भावांवर पुन्हा मर्यादा घालावी लागली. तरी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गृहिणींनी देशभर मांसखरेदीवर बहिष्कार टाकला.

मराठी वाचकाला इथे मुंबई आठवल्याशिवाय राहणार नाही. आपल्याकडे १९७२ म्हणजे दुष्काळाचं वर्ष. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीने याच काळात लाटणी हातात घेतलेल्या बायकांचे मोर्चे काढले. धान्याच्या आणि तेलाच्या जागतिक धक्क्याने तेव्हा दोन्हीकडचे ओटे हादरले होते. फरक एवढाच की इथे रॉकेल आणि धान्य मिळेना, तिथे स्टेक परवडेना.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं. वॉटरगेट घोटाळ्यामुळे निक्सन पायउतार झाले, जेराल्ड फोर्ड आले आणि १९७४ च्या अखेरीस महागाईचा दर बारा टक्क्यांवर पोचला. फोर्ड यांनी महागाईला फटके मारा, अशा अर्थाचे बिल्ले वाटले. काटकसर करा, परसात भाजी लावा, असा सल्ला दिला. बिल्ल्यांनी काही होणार नव्हतं. पुढच्या मंदीने महागाई खरोखर निम्म्यावर आणली, पण मे १९७५ मध्ये बेकारी नऊ टक्क्यांवर गेली.

म्हणून १९७६ साली जिमी कार्टर यांना एक आयतं हत्यार मिळालं. अर्थतज्ज्ञ आर्थर ओकुन यांनी बेकारीचा दर आणि महागाईचा दर यांची सरळ बेरीज करून एक निर्देशांक काढला होता. लोक त्याला ‘मिझरी इंडेक्स’ म्हणू लागले, आपण हालअपेष्टांचा निर्देशांक म्हणू. फोर्ड यांच्याखाली तो साडेबाराच्या आसपास होता. एवढा निर्देशांक असलेल्या माणसाने पुन्हा निवडून द्या म्हणून मागू नये, असा कार्टर यांचा मारा होता. त्या वर्षी डिबेटही परतल्या. कायद्याला वळसा असा निघाला की वाहिन्यांऐवजी ‘लीग ऑफ विमेन व्होटर्स’ ही संस्था कार्यक्रम भरवेल आणि वाहिन्या तो फक्त बातमी म्हणून दाखवतील. फिलाडेल्फियातल्या पहिल्या डिबेटमध्ये आवाजच गेला आणि दोघंही उमेदवार २७ मिनिटं आपापल्या जागी उभे राहिले. फोर्ड थोडक्यात हरले.

चार वर्षांनी तेच हत्यार कार्टर यांच्यावर उलटलं. इराणमधल्या क्रांतीनंतर तेल पुन्हा भडकलं, १९७९ च्या उन्हाळ्यात पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, गाडीच्या नंबरप्रमाणे सम-विषम दिवस ठरले. ऑगस्ट १९७९ मध्ये कार्टर यांनी पॉल व्होल्कर यांना फेडरल रिझर्व्हवर नेमलं. व्होल्कर यांनी पैसा आवळला. १९८० च्या वसंतात महागाई साडेचौदा टक्क्यांच्या पुढे होती आणि घराच्या नव्या कर्जाचा दर सोळाच्या पुढे.

२८ ऑक्टोबरला, मतदानाला एक आठवडा राहिला असताना, क्लीव्हलँडमध्ये कार्टर आणि रेगन यांची एकमेव डिबेट झाली. सुमारे आठ कोटी लोकांनी ती पाहिली. कार्टर यांनी अण्वस्त्रांवर बोलताना आपल्या मुलीचा, एमीचा दाखला दिला: सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न कोणता, असं तिला विचारलं तर ती अण्वस्त्रं म्हणाली. प्रामाणिक माणसाचं प्रामाणिक वाक्य होतं, पण पंपावर रांगेत उभं राहून आलेल्या माणसाला ते लांबचं वाटलं. रेगन यांनी आधी हालअपेष्टांच्या निर्देशांकाची आठवण दिली: तेव्हा साडेबारा, आता वीसच्या वर. शेवटच्या तीन मिनिटांत मात्र त्यांनी आकडे सोडले. मत देताना स्वतःला विचारा, म्हणाले, चार वर्षांपूर्वीपेक्षा तुमचं बरं चाललंय का? दुकानात जाऊन वस्तू घेणं चार वर्षांपूर्वीपेक्षा सोपं झालंय का? इराणमध्ये ओलीस ठेवलेल्या अमेरिकनांचं ओझंही कार्टर यांच्यावर होतंच. रेगन यांनी ४४ राज्यं जिंकली.

माझ्या मते या प्रश्नाचं बळ त्याच्या रचनेत आहे. निर्देशांकावर वाद घालता येतो, आधार वर्ष बदलता येतं, दुसरा तज्ज्ञ आणता येतो. घरातल्या बाईला महिनाअखेर किती उरतं ते तिला ठाऊक असतं, आणि रेगन यांनी निकाल तिच्याकडे सोपवला. पण याच रचनेत अन्यायही आहे. चार वर्षांतलं सगळं अध्यक्षाच्या खात्यावर टाकलं जातं, आणि औषधाचा गुण मागून दिसतो. महागाई मोडली ती कार्टर यांनीच नेमलेल्या व्होल्कर यांनी. त्याची किंमत म्हणून १९८२ च्या अखेरीस बेकारी १०.८ टक्क्यांवर गेली. ती मंदी १९८४ साली यायची, तर गोष्ट वेगळी झाली असती. १९८४ पर्यंत महागाई चार टक्क्यांवर आली होती, बेकारी उतरत होती, आणि रेगन यांनी तोच प्रश्न पुन्हा अभिमानाने विचारून ४९ राज्यं घेतली.

१९९२ साली जॉर्ज बुश थोरल्यांचं उलटं झालं. मंदी मार्च १९९१ मध्येच संपली होती, पण मंदीच्या तारखा ठरवणाऱ्या संस्थेने ते जाहीर केलं डिसेंबर १९९२ मध्ये, निवडणूक होऊन गेल्यावर. बेकारी मात्र जून १९९२ पर्यंत वाढतच राहिली होती. फेब्रुवारीत किराणा व्यापाऱ्यांच्या मेळाव्यात बुश स्कॅनर बघून चकित झाले, अशी बातमी गाजली. ते नवं, फाटलेलं लेबलसुद्धा वाचणारं यंत्र होतं, हे नंतर पुढे आलं. तोवर ‘यांना दुकान माहीत नाही’ हा शिक्का बसला होता. १५ ऑक्टोबरला रिचमंडमध्ये प्रेक्षकांतल्या एका तरुणीने तिन्ही उमेदवारांना विचारलं, राष्ट्रीय कर्जाचा तुमच्या स्वतःच्या आयुष्यावर काय परिणाम झालाय? बुश गोंधळले, आधी घड्याळाकडे बघताना कॅमेऱ्याने त्यांना टिपलंही होतं. क्लिंटन उठून तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, मी छोट्या राज्याचा गव्हर्नर आहे, तिथे कुणाची नोकरी गेली तर बहुधा मी त्याला नावाने ओळखत असतो. तिला कर्ज म्हणायचं होतं की मंदी, यावर अर्थतज्ज्ञ वाद घालू शकतात. खोलीतल्या सगळ्यांना प्रश्न कळला होता.

मग २०२४. हॅरिस यांच्या आधी, २७ जूनला अटलांटात, जो बायडेन यांना पहिलाच प्रश्न असा आला: तुम्ही सत्तेवर आलात तेव्हा शंभर डॉलरला मिळणारं वाणसामान आता एकशेवीसच्या वर गेलंय, त्याचं काय? बायडेन यांच्या पक्षाकडे स्वतःच्या बाजूचा आकडा होता. जून २०२२ मध्ये ९.१ टक्के, म्हणजे चाळीस वर्षांतली सर्वाधिक असलेली महागाई, सप्टेंबर २०२४ मध्ये अडीच टक्क्यांखाली आली होती.

आपला ‘महागाई’ हा शब्द इथे कामाला येतो. महागाई कमी झाली म्हटल्यावर आपल्या आजीला वाटेल की भाव उतरले. अर्थतज्ज्ञाच्या लेखी त्याचा अर्थ भाव अजून चढतायत, फक्त सावकाश. शंभराचे एकशेवीस झाले ते झालेच. पुढच्या वर्षी एकशेतेवीस होतील. अमेरिकी मतदाराचाही नेमका याच ठिकाणी घोळ झाला, आणि त्यात त्याची चूक होती असं मला वाटत नाही. खिशाला पातळी लागते, वेग नाही. पगारही वाढले होते, पण पगारवाढ माणूस स्वतःची कमाई मानतो आणि भाववाढ सरकारची करणी.

शिवाय ‘चार वर्षांपूर्वी’ म्हणजे सप्टेंबर २०२०. तेव्हा कोविड होता, बेकारी एप्रिलमधल्या जवळपास पंधरा टक्क्यांवरून उतरून आठच्या जवळ आली होती, मुलं घरून शिकत होती. मनातली तुलना मात्र त्याही आधीच्या, २०१९ च्या भावांशी चालली होती. प्रश्नाचं उत्तर देताना कुणी कॅलेंडर उघडत नाही.

अंड्यांचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. बर्ड फ्लूमुळे अंडी देणाऱ्या कोट्यवधी कोंबड्या माराव्या लागल्या आणि मार्च २०२५ मध्ये डझनाचा सरासरी भाव ६ डॉलर २३ सेंट या विक्रमावर गेला. अध्यक्ष तोवर बदलले होते. कळप पुन्हा भरू लागले तसा उन्हाळ्यात तो चार डॉलरच्या खाली आला. त्याच उन्हाळ्यात गोमांसाच्या खिम्याने पाउंडाला सहा डॉलर ओलांडले, कारण दुष्काळाने आणि महागड्या चाऱ्याने अमेरिकेतली गुरं १९५१ नंतर सर्वांत कमी झाली होती.