म्हाताऱ्या घोड्याच्या दाढा आणि त्याची वैरण

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात सौदा ठरण्यापूर्वी जाणकार गिऱ्हाईक घोड्याचा ओठ वर करून पुढचे दात पाहते आणि त्यावरून वय ताडते. पण पुढचे दात गवत तोडण्यापुरतेच असतात. दळणाचे खरे काम गालाआडच्या २४ दाढा करतात आणि उतारवयात त्याच सर्वाधिक दुर्लक्षित राहतात. घोडा खंगू लागला की ‘आता वय झाले’ असे म्हणून मालक गप्प बसतो. वास्तविक अशा कित्येक घोड्यांना भूक उत्तम असते, केवळ चावता येत नसते.

घोड्याच्या दाढेचा बराचसा भाग तरुणपणी जबड्यात दडलेला असतो आणि वर्षाला सुमारे २ ते ३ मिलिमीटर झीज होत असताना तेवढीच दाढ वर सरकत राहते. पंचविशी ते तिशीच्या सुमारास हा साठा संपत येतो. दाढेतील कठीण दंतवल्काच्या (इनॅमलच्या) कडा इतर भागापेक्षा हळू झिजत असल्यामुळे तिचा पृष्ठभाग टाकी लावलेल्या जात्यासारखा खरखरीत राहतो. वल्कच संपले की दाढ गुळगुळीत होते आणि गवत नुसते घोळले जाते.

वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असल्याने वरच्या दाढांची बाहेरची आणि खालच्यांची आतली कड धारदार होऊन गाल व जीभ सोलवटते. म्हणून पशुवैद्यकाने घोड्याला गुंगीचे औषध देऊन, जबडा उघडा धरणाऱ्या चौकटीच्या साहाय्याने वर्षातून एकदा, आणि वृद्ध घोड्याची शक्यतो दोनदा, तपासणी करावी व धारदार कडा कानशीने घासाव्यात. अतिघासणी मात्र टाळलीच पाहिजे, कारण उरलेली थोडीशी दाढ पुन्हा भरून येत नाही.

दुखण्याची खूण गव्हाणीपाशीच सापडते: अर्धवट चावलेल्या गवताचे ओले बोळे खाली पडलेले असतात. लीद बोटांनी मोडून पाहावी. तिच्यात लांब काड्या किंवा अख्खे हरभरे दिसले, तर दळण नीट होत नाही हे निश्चित समजावे.

अशा घोड्यापुढे कडब्याची पेंढी टाकणे म्हणजे त्याला उपाशी ठेवणेच होय. कोवळे हिरवे गवत, आणि ते नसेल तर वाळल्या गवताच्या गोळ्या पाण्यात पूर्ण फुगवून केलेला मऊ लगदा, हा त्याचा मुख्य आहार असावा. साधारण ३५० किलोच्या घोड्याला दिवसाकाठी ५ ते ७ किलो कोरड्या वजनाचा आहार लागतो. तो चार-पाच वेळा विभागून, तरुण घोड्यांपासून दूर द्यावा. वजन भरून काढण्यासाठी एकदम धान्य वाढवू नये, कारण न पचलेला स्टार्च मोठ्या आतड्यात आंबून पोटशूळ आणि खुरांचा दाह ओढवतो. त्याऐवजी खाद्यतेल थोडे थोडे वाढवत द्यावे. उन्हाळ्यातही लांब केस न झडणाऱ्या घोड्याला अंतःस्रावी (हार्मोनचा) विकार असण्याची शक्यता असते. त्याला प्रेमापोटीही गूळ देऊ नये. थंडीत कोमट पाणी ठेवल्यास घोडा अधिक पितो आणि आतड्यात चारा अडकण्याचा धोका कमी होतो.

नीट न चावलेला घास अन्ननलिकेत अडकला, तर नाकपुड्यांतून लाळ आणि चारा बाहेर येऊ लागतो. अशा वेळी समोरचे सर्व खाणे काढून घ्यावे, मान खाली राहू द्यावी आणि पशुवैद्यकाला ताबडतोब बोलावावे. नळीने किंवा बाटलीने तोंडात पाणी मुळीच ओतू नये, कारण ते थेट फुप्फुसात जाऊ शकते.