गाठीतल्या पांढऱ्या पेशी : रिपोर्टमधल्या नव्या ओळीविषयी

आमच्या पॅथॉलॉजी लॅबच्या स्तनाच्या कॅन्सरच्या रिपोर्टवर ग्रेड, ई.आर., पी.आर. (कॅन्सरच्या पेशींवरचे दोन हार्मोन रिसेप्टर) आणि हर-टू (पेशींवरचं एक प्रथिन) यांच्या खाली आता आणखी एक ओळ असते : 'स्ट्रोमल टिल्स' (टिल्स म्हणजे गाठीत शिरलेल्या लिम्फोसाइट, एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी), आणि पुढे टक्के. ती वाचून काउंटरवर हमखास विचारलं जातं, "रक्तात लिम्फोसाइट तीस टक्के होत्या, इथं दहाच कशा काय?"

या दोन आकड्यांचा एकमेकांशी संबंध नाही. रक्ताच्या तपासणीत शंभर पांढऱ्या पेशींमागे लिम्फोसाइट किती, ते कळतं. इथला आकडा गाठीतला आहे. कॅन्सरच्या पेशींच्या पुंजक्यांमधला जो तंतुमय भाग असतो, त्याला स्ट्रोमा म्हणतात. त्यातली किती टक्के जागा लिम्फोसाइट आणि त्यांच्या जातकुळीच्या पेशींनी व्यापली आहे, ते ही ओळ सांगते. प्रतिकारशक्तीचं हे सैन्य गाठीपर्यंत पोचलंय का आणि किती, याचा तो अंदाज. टक्के जास्त म्हणजे आजार जास्त, असा अर्थ लावून कृपया घाबरू नका.

हा आकडा सगळ्यात उपयोगाचा ठरतो तो ट्रिपल निगेटिव्ह प्रकारात, म्हणजे ई.आर., पी.आर. आणि हर-टू तिन्ही निगेटिव्ह असतात तेव्हा. केमो न घेतलेल्या अशा १,९६६ रुग्णांचा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या टप्प्यातल्या ज्यांचे टिल्स ५० टक्के किंवा जास्त होते, त्यांच्यातले ९५ टक्के पाच वर्षांनी हयात होते. ३० टक्क्यांपेक्षा कमी असलेल्यांत हे प्रमाण ८२ टक्के होतं. फरक मोठा आहे, पण एवढ्यावर केमो टाळायची पद्धत अजून रूढ झालेली नाही. सुरुवातीच्या टप्प्यात इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं औषध) द्यायची की नाही, हेही मुख्यतः गाठीचा आकार आणि काखेतल्या गाठी बघून ठरतं. हार्मोन पॉझिटिव्ह प्रकारात (ई.आर. किंवा पी.आर. पॉझिटिव्ह असतात तेव्हा) तर या टक्क्यांचा अर्थ इतका सरळ नाही, तिथं ते जास्त असणं चांगलंच असं म्हणता येत नाही. तेव्हा ही ओळ तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टना दाखवा. मोबाईलवर शोधून स्वतःच निष्कर्ष काढू नका.

हे टक्के मोजायला कॉम्प्युटर कशाला?

टिल्स कसे मोजायचे याची पद्धत तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने २०१४ साली ठरवून दिली. सूक्ष्मदर्शकाखाली पॅथॉलॉजिस्ट नजरेने टक्के ठरवतात. पण नजरेचा अंदाज माणसागणिक बदलतो; एकाच स्लाइडला एक जण १५ म्हणेल, दुसरा ३०. लिम्फोसाइट बारीक, गोल, गडद निळ्या. गुलाबी स्ट्रोम्यावर मोहरी सांडल्यासारख्या विखुरलेल्या. एका कोपऱ्यात दाट, शेजारी एकही नाही. सगळी स्लाइड धरून सरासरी काढताना डोळ्यांचा कस लागतो.

म्हणून आम्ही स्लाइड स्कॅन करतो. स्कॅनर पाव मायक्रॉनला (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) एक ठिपका टिपतो, म्हणजे २ सेंटिमीटर लांबीच्या कापात एका बाजूलाच ८०,००० ठिपके. एवढं चित्र एका दमात वाचता येत नाही, म्हणून सॉफ्टवेअर त्याचे चौकोनी तुकडे पाडतं. आधी कॅन्सर कुठला, स्ट्रोमा कुठला, चरबी आणि मेलेला भाग कुठला, ते वेगळं करतं. मग स्ट्रोम्यातल्या लिम्फोसाइट एकेक करून टिपतं. हे त्याला नियम लिहून शिकवलेलं नसतं. पॅथॉलॉजिस्टनी खुणा केलेल्या असंख्य पेशी त्याला दाखवलेल्या असतात. उत्तर चुकलं की आतल्या गणिताचे आकडे किंचित बदलतात, पुन्हा उत्तर, पुन्हा बदल. गणिताचे असे अनेक थर एकावर एक असतात, त्यालाच डीप लर्निंग म्हणतात.

ते चुकतं का? चुकतं. सुईच्या बायोप्सीत चिरडलेल्या पेशी, मरू घातलेल्या कॅन्सर पेशींची आक्रसलेली केंद्रकं, काचेवर दुमडलेला काप : हे सगळं त्याला लिम्फोसाइट वाटू शकतं. दुसऱ्या लॅबच्या स्टेनची (पेशी दिसाव्यात म्हणून स्लाइडला देतात त्या रंगाची) छटा वेगळी असली तरी ते गोंधळतं. (आमचा स्टेन जरा जांभळट बाजूला झुकतो, त्यामुळे आधी आमच्याच जुन्या स्लाइडवर ते पारखून घ्यावं लागलं.) म्हणून सॉफ्टवेअरने रंगवलेलं चित्र आमचे पॅथॉलॉजिस्ट स्वतः बघतात, नको तो भाग वगळतात आणि मगच टक्के लिहून सही करतात. सही नसलेला आकडा आमच्याकडून बाहेर जात नाही. या ओळीचे वेगळे पैसे नाहीत.

सॉफ्टवेअरपेक्षा जास्त तुमच्या हातात

खरं सांगायचं तर रिपोर्ट नीट येणार की नाही, हे बरंचसं पहिल्या तासात ठरतं. गडहिंग्लज, चंदगड, गारगोटीकडून नातेवाईक काढलेल्या गाठीचा डबा घेऊन एसटीने येतात. गाठ काढल्यापासून तासाभरात ती १० टक्के बफर्ड फॉर्मेलिनमध्ये (गाठ नासू न देणाऱ्या द्रावणात) पडली पाहिजे, आणि फॉर्मेलिन गाठीच्या दहापट हवं. सलाईन नको, पाणी नको, आणि फ्रीजरमध्ये तर मुळीच नको. बर्फाचे कण पेशी फोडतात. फॉर्मेलिन ताशी साधारण एक मिलिमीटरच आत शिरतं, त्यामुळे मोठी गाठ अख्खीच डब्यात ठेवली तर मधला भाग नासतो आणि नासलेल्या भागात यंत्रही काही शोधू शकत नाही. गाठीला चिरा द्यायच्या का, ते सर्जनना ठरवू द्या, घरी कोणी सुरी लावू नका. डबा रुंद तोंडाचा घ्या : ताजी गाठ अरुंद तोंडातून आत जाते, कडक झाल्यावर बाहेर येत नाही. डब्यावर रुग्णाचं नाव, कोणती बाजू आणि गाठ काढल्याची वेळ लिहून घ्या. वेळ लिहायचीच बहुतेक वेळा राहते.

स्कॅन केलेलं चित्र संशोधनासाठी वापरायचं असल्यास आम्ही वेगळं संमतीपत्र देतो, आणि चित्रावरून नाव-नंबर काढून टाकतो. नकार दिलात तरी रिपोर्ट तोच आणि तेवढ्याच वेळात मिळेल.

दुसऱ्या मतासाठी मुंबई-पुण्याला जाताना स्लाइडसोबत मेणाचे ब्लॉकही (मेणात बसवलेले गाठीचे तुकडे) मागून घ्या. ब्लॉक तुमचे आहेत, पोच देऊन नेता येतात. फक्त उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ते ठेवू नका, मेण ५६ ते ६० अंशांना वितळतं.