निकेल ऑक्साइड पट्ट्या : वापरण्याआधी एवढं वाचा

“पट्टी काळी पडली, बदलून द्या,” असा फोन आम्हाला अधूनमधून येतोच. आम्ही देतो त्या निकेल ऑक्साइडच्या पट्ट्या म्हणजे इलेक्ट्रोड: काही ग्लुकोज मोजायला, काही पाण्यात वीज सोडून हायड्रोजन काढणाऱ्या सेलसाठी. पट्टी बिघडलेली नसते. कॉस्टिकच्या (म्हणजे तीव्र अल्कलीच्या) द्रावणात बुडवून व्होल्टेज चढवलं की वरचं फिकट निकेल हायड्रॉक्साइड काळपट ऑक्सिहायड्रॉक्साइड होतं. व्होल्टेज उतरवलं की रंगही उतरतो. खरं काम हा काळा थरच करतो. त्यामुळे काळी पडली नाही, तर जरूर फोन करा.

दुसरा नेहमीचा प्रश्न: ग्लुकोज मोजायची पट्टी आणि हायड्रोजनच्या सेलची पट्टी, दोन्हींवर निकेलच आहे, मग दोन वेगळ्या कशाला?

काळा थर ग्लुकोजकडून इलेक्ट्रॉन काढून घेतो आणि स्वतः फिकट होतो. यंत्र त्याला लगेच पुन्हा काळा करतं. या येरझाऱ्यांचा करंट म्हणजे तुमचं मापन. ०.१ मोलर कॉस्टिक सोड्यात, सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड रेफरन्स (व्होल्टेज ज्याच्या तुलनेत मोजतात तो इलेक्ट्रोड) धरून, हे साधारण ०.५ व्होल्टला छान होतं. आणखी दीडदोनशे मिलिव्होल्ट चढलात की पाण्यातूनच ऑक्सिजनचे बुडबुडे सुटू लागतात आणि ग्लुकोजचा आकडा त्यात हरवतो. मापन करणाऱ्याला नको असलेली हीच गोष्ट हायड्रोजनवाल्याला हवी असते.

म्हणून मिश्रण बदलतं. निकेल ऑक्साइड एकटं वीज नीट वाहून नेत नाही. मापनाच्या पट्टीत आम्ही त्यात कार्बन मिसळतो. सेलच्या पट्टीत कार्बन मुद्दाम टाळतो, कारण तिथल्या चढ्या व्होल्टेजला तो झिजतो. तिथे ऑक्साइड थेट निकेल फोमवर बसवलेलं असतं (फोम म्हणजे अनारशासारखी जाळी, फक्त धातूची) आणि त्यात थोडं लोखंड घातलेलं असतं. लोखंडाची गंमत अशी की ते मुळात भेसळ म्हणून लक्षात आलं. द्रावणातल्या अंशमात्र लोखंडानेही निकेलवर ऑक्सिजन लवकर सुटतो, हे १९८७ मध्ये कॉरिगन या संशोधकांनी दाखवलं. सेलमध्ये हा फायदा. मापनात मात्र त्रास, म्हणून तिथे लोखंडाचा अंश असलेला स्वस्तातला कॉस्टिक सोडा वापरू नका.

आणि हो, आमची पट्टी हायड्रोजन “बनवत” नाही. हायड्रोजन सुटतो समोरच्या ऋण इलेक्ट्रोडवर. आमची पट्टी ऑक्सिजनच्या बाजूची. पण सेलचं बरंचसं जादा व्होल्टेज या बाजूला खर्च होतं, कारण ऑक्सिजनचा एक रेणू सुटायला चार इलेक्ट्रॉन काढावे लागतात.

पैशांत सांगायचं तर असं: १ किलो हायड्रोजनसाठी सुमारे २६,६०० अँपिअर-तास लागतात, पट्टी कुणाचीही असो. १.८ व्होल्टला सेल चालला तर जवळपास ४८ युनिट, १.९ ला साडेपन्नास. ०.१ व्होल्टचा फरक म्हणजे किलोमागे अडीच युनिटांहून जास्त वीज. पट्टीची किंमत विचारण्याआधी ती किती व्होल्टला चालते ते विचारा, आम्हालासुद्धा.

मापनाची पट्टी रक्तावर थेट चालत नाही. तिला अल्कली लागते. मेडिकलच्या दुकानातल्या पट्टीत एन्झाइम असतं, ते तंत्रच वेगळं. शिवाय ही पट्टी फ्रुक्टोजलाही प्रतिसाद देते. फळांचा रस घेतलात तर आलेला आकडा निव्वळ ग्लुकोजचा समजू नका.

हाताळताना पट्टी कडेला चिमट्याने धरा, बोट लावू नका. ॲसिडने धुऊ नका, लेप विरघळतो; डिस्टिल्ड पाणी पुरे. नवी पट्टी कॉस्टिकमध्ये वीस-तीस वेळा व्होल्टेज वरखाली करून घ्या, करंट-व्होल्टेजचा आलेख दर फेरीला एकावर एक बसू लागला की मगच नोंदी करा.

सेलवाल्यांसाठी: कॉस्टिक पोटॅश (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) नेहमी पाण्यात घाला, पाणी पोटॅशवर ओतू नका. चष्मा आणि हातमोजे हवेतच. ॲल्युमिनियमचं भांडं अजिबात नको. पोटॅश ते खातं आणि नको तिथे हायड्रोजन सुटतो. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की तो पेटू शकतो आणि त्याची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही. खोलीची वरची झडप उघडी ठेवा, कारण हा वायू छताला जाऊन साठतो.

सेल वारंवार बंद-चालू होत असेल, सोलरवर असेल तर विशेषतः, ऑर्डर देतानाच सांगा. बंद करताना उलटा करंट वाहतो आणि लेप सुटायला लागतो. त्या कामासाठी आम्ही लेप वेगळा देतो.