हात आणि काठी: गोल्फच्या पकडीमागचा इतिहास

चेंडू वारंवार उजवीकडे भरकटू लागला की शिकणाऱ्याला आधी पकड बदलायला सांगतात. काठी त्याच्या अंगाला बसते का, हा विषय निघालाच तर फार पुढे निघतो. मला हा क्रम उलटा वाटतो. गोल्फमध्ये हातांची जागा जेव्हा जेव्हा बदलली, तेव्हा बहुतेक वेळा काठी तरी बदललेली होती, नाहीतर चेंडू.

एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमधल्या काठ्या लांब असत, जमिनीशी बऱ्याच आडव्या बसत. मुठीवर चामड्याचे जाड वेष्टन असे. अशी मूठ बोटांत मावत नाही, तळव्यातच धरावी लागते. त्यामुळे दोन्ही हात आपापल्या परीने ओढत आणि स्विंग अंगाभोवती आडवा फिरे. 1848 च्या सुमारास पिसे भरलेल्या चेंडूच्या जागी गटापर्चाचा, म्हणजे झाडाच्या वाळलेल्या चिकाचा, टणक चेंडू आला आणि काठ्यांची घडण बदलत गेली.

हिकरीच्या लाकडी दांड्याची मोठी अडचण म्हणजे तो पिळतो. हातांनी झटका दिला की काठीचे डोके मागे राहते, त्याचे तोंड, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, उघडे पडते आणि चेंडू उजवीकडे सुटतो. अशा दांड्याला दोन्ही हातांची एकच चाल लागते. उजव्या हाताची करंगळी डाव्या तर्जनीवर चढवण्याची पकड म्हणूनच टिकली. ती हॅरी वॉर्डनच्या नावाने ओळखली जात असली, तरी स्कॉटिश हौशी खेळाडू जॉनी लेडले ती त्याच्याही आधी वापरत होता. वॉर्डनने ब्रिटिश ओपन स्पर्धा सहा वेळा जिंकली, त्यामुळे नाव त्याचे झाले. त्याचे हात मोठे होते, हे मात्र सांगायचे राहून जाते. हात लहान असलेल्या जॅक निकलॉसने बोटे एकमेकांत गुंफली आणि तेवढ्याच अधिकाराने खेळला.

1913 च्या यूएस ओपनमध्ये वॉर्डनला हरवणारा फ्रान्सिस विमेट इथे भेटतो. 1920 च्या दशकात रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनी काठीचे डोके हाताला किती जड लागते हे मोजणारा तराजू बनवला, तेव्हा नमुना म्हणून विमेटच्याच काठ्या घेतल्या. तोवर कारागीर हे वजन नुसत्या हाताच्या अंदाजाने जुळवत. ब्रिटनमध्ये 1929 साली पोलादी दांड्याला परवानगी मिळाली. तो फारच कमी पिळत असल्याने जोरात मारण्याची मुभा मिळाली आणि एकसारखे संच कारखान्यातून निघू लागले. पण एकसारखे म्हणजे सरासरी माणसाच्या मापाचे. उंच, बुटक्या किंवा लांब हातांच्या खेळाडूंनी त्या काठ्यांशी जमवून घेतले, आणि ते जमवणे त्यांच्या पकडीत मुरले.

अमेरिकी खेळाडू बेन होगनने उलट वाट धरली. चेंडू डावीकडे वळण्याच्या खोडीने त्याला वर्षानुवर्षे छळले होते. त्याने डावा हात मुठीवर डावीकडे फिरवून पकड ‘वीक’ केली आणि काठ्याही त्याच हेतूने घडवून घेतल्या: दांडे कमालीचे कडक, बसण्याचा कोन, म्हणजे दांड्याचा जमिनीशी होणारा कोन, आडवा. 1953 मध्ये त्याने मास्टर्स, यूएस ओपन आणि ब्रिटिश ओपन या तिन्ही स्पर्धा जिंकल्या.

काठी अंगाला बसवून घेणे सामान्य खेळाडूपर्यंत आणले कार्स्टन सोलहाइम यांनी. नॉर्वेत जन्मलेले हे अभियंते जनरल इलेक्ट्रिकमध्ये नोकरीला होते. त्यांच्या ‘पिंग’ कंपनीने काठीच्या बसण्याच्या कोनाला रंगीत ठिपक्यांची खूण दिली. कोन गरजेपेक्षा उभा असेल तर डोक्याचे टोक वर उचलले जाते आणि उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू डावीकडे निघतो. कोन आडवा असेल तर उजवीकडे, आणि जास्त लॉफ्टच्या, म्हणजे तोंड जास्त मागे झुकलेल्या, काठीत हा फरक अधिक जाणवतो. असा चेंडू पाहून पकड बदलणारा माणूस काठीचा दोष हातांवर घेतो. ठिपका ठरवायला दोन मापे लागतात: खेळाडूची उंची, आणि तो सरळ उभा असताना मनगटापासून जमिनीपर्यंतचे अंतर.