रॅप्चर आणि द्वितीयागमन: ‘लेफ्ट बिहाइंड’चे वाचक नेमके कशावरून भांडतात?

टिम लाहे आणि जेरी जेन्किन्स यांच्या ‘लेफ्ट बिहाइंड’ या जगाच्या शेवटावरच्या अमेरिकन कादंबरीमालेवरून वाचकांची जुंपली की थोड्याच वेळात लक्षात येतं, दोघं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलतायत. एक जण छातीठोकपणे सांगतो की यात लेखकांच्या पदरचं काही नाही, ख्रिस्त पुन्हा येणार हे बायबलमध्येच आहे. दुसरा तेवढ्याच ठामपणे म्हणतो की चालत्या विमानातून माणसं गायब होण्याची गोष्ट बायबलमध्ये कुठेही नाही, हे खूळ दोनशे वर्षांपूर्वी निघालं. गंमत म्हणजे दोघंही बरोबर असू शकतात. पहिल्याच्या डोक्यात द्वितीयागमन आहे, म्हणजे ख्रिस्ताचं जगासमोर पुन्हा येणं; दुसऱ्याच्या रॅप्चर, म्हणजे त्याआधी विश्वासी माणसं अचानक वर उचलली जाणं.

आपल्याकडे ही गल्लत आणखी सहज होते. एखादा हॉलिवूडपट बघितला, त्यात विमानातल्या खुर्च्यांवर नुसते कपडे उरलेले दिसले, की ‘ख्रिश्चन लोक असं मानतात’ म्हणून आपण मोकळे. वसईचा कॅथलिक, नगरकडच्या जुन्या मिशनच्या चर्चमधला प्रोटेस्टंट आणि पेंटेकोस्टल सभेला जाणारा विश्वासी, या तिघांना तोच चित्रपट दाखवा. ‘हे तुमच्या धर्मात आहे का?’ या प्रश्नाला तिघं तीन उत्तरं देतील.

द्वितीयागमनाबद्दल फार सांगायला नको. ख्रिस्त पुन्हा गौरवाने येईल आणि जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करील, हे चौथ्या शतकातल्या मतांगीकारात, म्हणजे चर्चच्या श्रद्धेच्या जाहीर कबुलीत, आहे आणि कॅथलिक, ऑर्थोडॉक्स व बहुतेक सगळे प्रोटेस्टंट ते मानतात. हे येणं एकदाच, उघडपणे, साऱ्या जगासमोर. त्यानंतर इतिहास संपतो.

रॅप्चर ही या येण्याच्या आधीची वेगळी घटना म्हणून सांगितली जाते. जगाच्या शेवटी सात वर्षांचं महासंकट येणार, ख्रिस्तविरोधी, म्हणजे ख्रिस्ताचा शेवटच्या काळातला मोठा शत्रू, सत्ता हातात घेणार. पण ते सुरू होण्याआधीच खरे विश्वासी एका क्षणात वर उचलले जाणार, आणि बाकीचं जग मागे राहणार. या स्वरूपात ही शिकवण मांडली ती जॉन नेल्सन डार्बी यांनी, 1830च्या दशकात. डार्बी आयर्लंडमध्ये अँग्लिकन पाळक होते, पुढे प्लिमथ ब्रदरन मंडळींचे पुढारी झाले. अमेरिकेत ती घरोघरी पोचवली अमेरिकन पाळक सायरस स्कोफिल्ड यांच्या बायबलने. 1909 साली निघालेल्या या बायबलमध्ये वचनं आणि त्यांच्यावरच्या टिपा एकाच पानावर होत्या. वर प्रेषिताचं पत्र, खाली स्कोफिल्ड. वाचणाऱ्याला काही वर्षांनी दोन्ही सारखंच पाठ होतं, आणि यातलं पवित्र शास्त्र कुठलं आणि टीप कुठली हे आठवेनासं होतं.

रॅप्चरला आधार म्हणून मुख्यतः दिलं जातं ते पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या विश्वासी समुदायाला, लिहिलेलं पहिलं पत्र, अध्याय 4. जिवंत उरलेले विश्वासी प्रभूला सामोरे होण्यासाठी मेघांमध्ये, अंतराळात घेतले जातील, असं तिथे म्हटलंय. म्हणजे ‘वर घेतलं जाणं’ बायबलमध्ये नाहीच, हे म्हणणंही खरं नाही. वाद आहे तो त्यानंतर काय, यावर. डार्बींच्या मते विश्वासी तिथून स्वर्गात जातात आणि ख्रिस्त सात वर्षांनी खाली येतो. विरोधकांचं म्हणणं असं की सामोरं जाणं म्हणजे पुढे जाऊन आणणं. आपल्याकडे वऱ्हाड वेशीवर आलं की सीमांतपूजनाला मुलीकडचे पुढे जातात ते वऱ्हाडाला मांडवात आणायला. त्यांच्याबरोबर त्यांच्या गावी निघून जायला नव्हे. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या 28व्या अध्यायात पौल रोमला येतोय हे कळल्यावर तिथले बंधुजन अप्पियाच्या पेठेपर्यंत त्याला सामोरे जातात, आणि मग सगळे मिळून रोममध्येच येतात. मला हा अर्थ जास्त पटतो. पण तो मानला की सात वर्षांची फट नाहीशी होते, आणि फट नसेल तर ही कादंबरीच उभी राहत नाही.

ती सात वर्षं येतात तरी कुठून? बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकाच्या 9व्या अध्यायात सत्तर सप्तकांची भविष्यवाणी आहे, त्यातलं शेवटचं सप्तक म्हणजे सात वर्षं, असा हिशेब आहे. प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकात बेचाळीस महिने आणि 1260 दिवस असे आकडे येतात, म्हणजे साडेतीन वर्षं; ती दोनदा धरली की सात. ज्या प्रकटीकरणावर ही सगळी मालिका उभी आहे असं वाचकांना वाटतं, त्यात मंडळी गुपचूप उचलली गेल्याचं स्पष्ट वर्णन नाही. चौथ्या अध्यायात ‘वर ये’ अशी हाक योहानाला येते, तीच मंडळीला आलेली हाक मानावी लागते. ख्रिस्तविरोधी हे नावही प्रकटीकरणात नाही. ते योहानाच्या पत्रांत आहे. प्रकटीकरणात आहे ते श्वापद.

आता कादंबरी. टिम लाहे हे बाप्टिस्ट पाळक, शिकवण त्यांची. लेखणी जेरी जेन्किन्स यांची. पहिला भाग 1995 साली आला, बारावा 2004 साली. पुढे पूर्वकथा आणि उत्तरकथा धरून सोळा झाले. मालिकेच्या 6 कोटींच्या वर प्रती खपल्या. एवढा खप नुसत्या धर्मश्रद्धेवर होत नाही. पहिली काही पानं वाचा, म्हणजे कळतं. वैमानिक रेफोर्ड स्टील शिकागोहून लंडनला 747 घेऊन निघालाय. डोक्यात बायको नाही, हवाई सुंदरी हॅटी आहे. बायको हल्ली फारच देवभोळी झालीय म्हणून तो वैतागलेला. अटलांटिकवर, मध्यरात्री, हॅटी रडत येते: प्रवासी नाहीत. खुर्च्यांवर कपडे आहेत, चष्मे आहेत, दागिने आहेत, माणसं नाहीत. जगभरची लहान मुलं गेलीत, पोटातली बाळंसुद्धा. घरी पोचल्यावर बायको आणि मुलगा दोघेही नाहीत, हे त्याला उमगतं ते पलंगावर पडलेल्या कपड्यांवरून. मागे राहते कॉलेजात शिकणारी, बापासारखीच अश्रद्ध मुलगी क्लोई.

मला यातला सगळ्यात चांगला माणूस वाटतो तो ब्रूस बार्न्स. हा रेफोर्डच्या बायकोच्या चर्चमधला पाळक, आणि मागे राहिलेला. पोटापाण्यासाठी धर्म सांगत होता, मनातून मानत नव्हता. मोठ्या पाळकाने मागे राहणाऱ्यांसाठी आधीच व्हिडिओ टेप करून ठेवलेली असते, ती लावून ब्रूस लोकांना दाखवतो. चुकलेला पाळक, रिकामं चर्च आणि टीव्हीवर बोलणारा गेलेला माणूस, एवढ्या सामग्रीवर मोठ्या ताकदीची कादंबरी झाली असती. इथे ती होत नाही. पुढच्याच भागांत पाठलाग, उपग्रह, गुप्त निवारे आणि निकोले कार्पेथिया हा रुमानियाचा गोडबोल्या पुढारी, म्हणजेच कादंबरीतला ख्रिस्तविरोधी, यांत ती वाहून जाते.

आणि इथेच लेखकाला रॅप्चर का लागतं ते कळतं. रॅप्चर म्हणजे गोष्टीची सुरुवात: जग चालूच आहे, फक्त माणसं कमी झालीत, आणि उरलेल्यांकडे वेळ आहे. द्वितीयागमन म्हणजे शेवटचं पान; त्यापुढे लिहायला काही उरत नाही. ‘लेफ्ट बिहाइंड’मध्ये दोन्ही आहेत. पहिल्या भागात रॅप्चर, बाराव्यात ख्रिस्ताचं प्रकट येणं. मधल्या भागांत संकटाचं घड्याळ चालतं, आणि तेही रॅप्चरच्या क्षणी सुरू होत नाही. कार्पेथिया इस्राएलशी करार करतो तेव्हा सुरू होतं. बरेच वाचक इथे चुकतात आणि मग हिशेब जुळत नाही म्हणून लेखकांना दोष देतात.

वाचकांच्या तक्रारी या दोन खणांत टाकल्या की बराच गोंधळ निवळतो.

‘खऱ्या विश्वासी माणसाला संकटातून सुटका मिळणार ही खोटी आशा आहे’, ही तक्रार द्वितीयागमनाबद्दल नाही, रॅप्चरबद्दल आहे. आणि ती इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलचा शब्द प्रमाण मानणाऱ्या प्रोटेस्टंट, वाचकांमधूनच येते. त्यांच्यातही रॅप्चर संकटाआधी, मध्ये की शेवटी, यावर तट आहेत. शेवटी म्हणणाऱ्यांच्या लेखी ती द्वितीयागमनाचीच एक बाजू ठरते, आणि पहिल्याच भागात माणसं उचलणारी ही मालिका त्यांना मुळातच चुकीची वाटते. लहानपणी शाळेतून घरी आलो, घरात कोणी नव्हतं, आणि सगळे उचलले गेले, मी मागे राहिलो या भीतीने रडलो, असं सांगणारे अमेरिकन वाचक तर कितीतरी आहेत. ती भीतीही रॅप्चरची. द्वितीयागमनात घर रिकामं होत नाही.

बाराव्या भागातल्या रक्तपाताबद्दल जे वाचक अस्वस्थ होतात, त्यांचं भांडण मात्र द्वितीयागमनाशी आहे, म्हणजे ते ज्या रीतीने रंगवलंय त्याच्याशी. ख्रिस्त बोलतो आणि शत्रूचं सैन्य जागच्या जागी फाटून पडतं. हे प्रकटीकरणाच्या 19व्या अध्यायातलंच आहे, असं समर्थक म्हणतात. आहे, पण तिथे तोंडातून निघणाऱ्या तलवारीचं रूपक आहे. इथे पानंच्या पानं शरीरं.

तिसरी तक्रार दोन्हींत बसत नाही, पण वाचकांनी सर्वांत जास्त घोळवलीय ती हीच. चँग वाँग नावाचा तरुण विश्वासी आहे. बाप त्याला गुंगीचं औषध देऊन त्याच्यावर श्वापदाची खूण, म्हणजे ख्रिस्तविरोधीशी निष्ठेची निशाणी, करवून घेतो. आता त्याच्यावर देवाचा शिक्काही आहे आणि श्वापदाची खूणही. प्रकटीकरणाचा 14वा अध्याय खूण घेणाऱ्याला देवाचा क्रोध सांगतो. मग हा वाचणार कसा? स्वतःच्या इच्छेने घेतली नाही म्हणून वाचतो, असं लेखकांचं उत्तर. काहींना ते दयाळू वाटलं, काहींना पळवाट. मला वाटतं, बारा भागांत एकदा तरी लेखकांना वचनापेक्षा माणूस जड झाला, तो इथे.

एमी जॉन्सन फ्रिकहोम यांनी या मालिकेच्या वाचकांना भेटून, त्यांच्याशी बोलून लिहिलेलं पुस्तक 2004 साली निघालं. त्यातून एक गोष्ट कळते: ही पुस्तकं एकट्याने वाचायची नसतात. आई मुलीला देते, चर्चमधली मैत्रीण मैत्रिणीला. सगळे शब्दन् शब्द खरा मानून वाचतात असंही नाही. कोणी थरारासाठी वाचतो, कोणी देणाऱ्याचं मन राखायला. तेव्हा 6 कोटी प्रती खपल्या म्हणून रॅप्चर मानणारे 6 कोटी झाले, असा हिशेब करू नये.

कॅथलिक वाचकांचा राग वेगळा आहे. मालिकेत पोप उचलला जातो खरा, पण प्रोटेस्टंट सुधारक ल्यूथरकडे झुकल्यामुळे वादात सापडलेला पोप. त्याच्या जागी आलेला कार्डिनल पुढे ख्रिस्तविरोधीच्या जागतिक धर्माचा प्रमुख होतो. संदेश काय, ते सांगायला नको. चर्चच्या 1992 सालच्या धर्मशिक्षण ग्रंथात तर रॅप्चरच्या उलट भूमिका आहे: ख्रिस्ताच्या येण्याआधी मंडळीला अखेरच्या परीक्षेतून जावं लागेल. आधी सुटका नाही.

मत्तयाच्या 24व्या अध्यायातलं वचन तर दोन्ही बाजू वापरतात: शेतात दोघे असतील, एक घेतला जाईल, एक ठेवला जाईल. मालिकेच्या नावातच हा ‘मागे ठेवलेला’ आहे, आणि तो दुर्दैवी मानलाय. पण त्याच्या वरच्याच ओळीत नोहाची गोष्ट आहे. पूर आला आणि सर्वांना घेऊन गेला. घेतले गेले ते बुडाले. मागे राहिला नोहा, तो वाचला. तसं वाचलं तर मागे राहणंच भाग्याचं. रॅप्चर मानणाऱ्या काही अभ्यासकांनाही हे वचन रॅप्चरबद्दल नाही, हे मान्य आहे. कॅथलिक चर्चमध्ये हाच उतारा तीन वर्षांतून एकदा नाताळच्या आधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी वाचतात. 30 नोव्हेंबर 2025ला वसई-गोव्यातल्या मिस्सेतही तो होता. तिथे तो येतो द्वितीयागमनासाठी जागं राहण्याचा उपदेश म्हणून.

रॅप्चरशिवाय शेवटच्या काळाची कादंबरी कशी असते, ते बघायचं असेल तर रॉबर्ट ह्यू बेन्सन यांची ‘लॉर्ड ऑफ द वर्ल्ड’ आहे. 1907 सालची, म्हणजे स्कोफिल्डच्या बायबलच्या दोन वर्षं आधीची. बेन्सन कँटरबरीच्या आर्चबिशपांचे चिरंजीव, पुढे कॅथलिक पाद्री झाले. त्यांचा ख्रिस्तविरोधी ज्युलियन फेल्सनबर्ग पूर्व-पश्चिमेचं युद्ध थांबवतो, आणि लोक त्याला डोक्यावर घेतात. कोणी गायब होत नाही. श्रद्धावंत कमी होत जातात ते मारले जाऊन किंवा कंटाळून. शेवटचा पोप नाझरेथमध्ये लपलेला, वरून विमानांचा ताफा येतोय, खाली मूठभर माणसं स्तोत्र गातायत, आणि तिथे पुस्तक संपतं, कारण जग संपतं. पोप फ्रान्सिस यांनी 2015च्या जानेवारीत मनिलाहून परतताना विमानात पत्रकारांना ही कादंबरी वाचायला सांगितली होती.

‘लेफ्ट बिहाइंड’चे वाचक बेन्सन हातात घेतात तेव्हा बहुतेकांना तो संथ वाटतो, आणि शेवट ‘अर्धवट’. ही तक्रार मी समजू शकतो. सात वर्षांच्या सवलतीची सवय लागलेली असते. उलट बाजूने, बेन्सन आवडलेल्याला लाहे-जेन्किन्सचे बारा भाग पेलत नाहीत. त्याने पहिला वाचून थांबावं. आणि 2014 साली निकोलस केजला घेऊन केलेला चित्रपट बघून मत बनवू नये. त्यात गोष्टीचा बराचसा भाग त्या एका विमानात घडतो आणि विमान उतरलं की गोष्ट संपते. द्वितीयागमनापर्यंत तो पोचतच नाही.