बदक पाण्यातलं, अंडं नव्हे

कोंबडीची अंडी मशीनमध्ये उबवून झाली असतील तर बदकासाठी नव्यानं शिकण्यासारखं फार नाही. 21 ऐवजी 28 दिवस (मस्कोव्ही जातीचं बदक असेल तर 35; पुढचे आकडे 28 दिवसांच्या बदकाचे), तापमान तेच साडेसदतीस अंश सेल्सिअस, अंडं मोठं म्हणून ट्रेमध्ये कमी मावतात, फिरवणं 25व्या दिवशी बंद. झालं.

घोळ होतो तो ओलाव्यात. ‘बदक पाण्यातला पक्षी, म्हणून पाणी जास्त ठेवा’ हा सल्ला वसई-विरारपासून अलिबागपर्यंत जो तो देतो, आणि तो ऐकला की डोकं फिरतं. बदक अंडी तळ्यात घालत नाही. गावाकडे खुडूक कोंबडीखाली बदकाची अंडी ठेवतात, पिल्लं निघतात. ती कोंबडी काही अंघोळ करून बसत नाही.

उबवणीत अंड्यानं पाणी गमवायचंच असतं. कवचातून वाफ जाते, बोथट टोकाकडची हवेची पोकळी वाढत जाते आणि शेवटी पिल्लू त्याच पोकळीत चोच घालून पहिला श्वास घेतं. 25व्या दिवसापर्यंत वजन 12 ते 14 टक्के उतरलं पाहिजे, म्हणजे कोंबडीच्या अंड्यापेक्षा तसूभरही कमी नाही. त्यासाठी तोवर मशीनमध्ये 45 ते 55 टक्के आर्द्रता पुरते. लोक जो 70चा आकडा पाठ करून येतात तो शेवटच्या तीन दिवसांचा. तेव्हा कवचाच्या आतला पापुद्रा वाळून पिल्लाला आवळू नये म्हणून ओलावा वाढवायचा. तो आकडा पहिल्या दिवसापासून लावला की पोकळी लहान राहते आणि पिल्लू फुगून, चिकट होऊन कवचातच मरतं.

आणि इथेच चुकीवर चूक होते. कोरडं पडलेलं पिल्लूही शेवटच्या दिवसांतच मरतं, म्हणून मेलेलं दिसलं की पुढच्या खेपेला आणखी पाणी ओततात. आधी अंडं फोडून बघा. पोकळी मोठी आणि पापुद्रा कागदासारखा कडक, तर कोरडं पडलं. पोकळी लहान आणि आत ओलं, चिकट, सुजलेलं, तर पाणी जास्त झालं. मुंबईत पावसाळ्यात दुसरंच जास्त शक्य.

मोबाइलवर दिसते ती बाहेरच्या हवेची आर्द्रता मात्र मशीनची समजू नका. जुलैतली 28 अंशांची, 80 टक्क्यांची हवा साडेसदतीसला तापली की तीच सुमारे 47 टक्क्यांवर येते. म्हणजे पाण्याची वाटी रिकामी ठेवूनही काम भागतं. जानेवारीतल्या एखाद्या पहाटेची 20 अंशांची, 50 टक्क्यांची हवा मशीनमध्ये वीसच्याही खाली जाते. तेव्हा पाणी हवंच. वाटी खोल असून उपयोग नाही, पसरट हवी.

मला आकड्यापेक्षा वजनकाट्यावर जास्त भरवसा आहे. 75 ग्रॅमची दहा अंडी, म्हणजे 750 ग्रॅम, एकत्र तोला. आठवड्यानं 725च्या आसपास, 25व्या दिवशी 650च्या आसपास यायला हवीत. वजन उतरत नसेल तर पाणी काढा, फार झपाट्यानं उतरत असेल तर घाला. स्वस्तातला हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचं यंत्र) वापरणारच असाल तर मीठ थोड्या पाण्यात कालवून लगदा करा, घट्ट झाकणाच्या डब्यात त्याच्याशेजारी तो काही तास ठेवा. 75 दाखवला पाहिजे. जितका चुकतो तितकं रोज धरून चाला.

शेवटच्या दिवसांत ओलावा वाढवायला हवेची भोकं बुजवणाऱ्यांना तर हात जोडावेत. पिल्लाला प्राणवायू तेव्हाच सर्वांत जास्त लागतो. भोकं उघडी ठेवा, पाण्याचा पृष्ठभाग वाढवा, हवं तर ओला स्पंज ठेवा. कवचाला पहिली टोच पडल्यावर बदकाचं पिल्लू बाहेर यायला दीड-दोन दिवसही घेतं, कोंबडीपेक्षा बरंच जास्त. तेवढ्यात झाकण उघडून फवारा मारायची काही गरज नाही.