तीव्र मूत्रपिंड इजा (रुग्णालयातील)

काही तासांत किंवा दिवसांत मूत्रपिंडांचे काम एकाएकी ढासळणे म्हणजे तीव्र मूत्रपिंड इजा. मराठवाड्यातल्या वॉर्डांत तिला सरसकट ‘किडनीवर सूज’ किंवा ‘किडनी फेल’ म्हणतात. दोन्ही शब्द फसवे. वेळेत हाती लागलेली इजा पुष्कळदा भरून येते.

2012 पासून रूढ असलेले निकष तीन आहेत: 48 तासांत क्रिएटिनिन (मूत्रपिंडे रक्तातून गाळून टाकतात तो टाकाऊ घटक) डेसिलिटरमागे किमान 0.3 मिलिग्रॅमने वाढणे, 7 दिवसांत ते मूळच्या दीडपट होणे, किंवा सलग 6 तास लघवी दर किलो वजनामागे ताशी अर्ध्या मिलिलिटरपेक्षा कमी होणे. यांपैकी एकही पुरेसा. खरी चूक होते ती रिपोर्ट वाचताना. अंगाने किडकिडीत ऊसतोड मजूर बाईचे क्रिएटिनिन एरवी 0.6 असते. जुलाबांनी दाखल झाल्यावर ते 1.0 आले, तर लॅबच्या कागदावर आकडा ‘नॉर्मल’च छापला जातो, पण इजा झालेली असते. म्हणून जुना रिपोर्ट मागून घ्यावा.

लघवीचे माप त्याहून स्वस्त आणि बहुधा लवकर इशारा देणारे. 60 किलोच्या माणसाला 6 तासांत 180 मिलिलिटर तरी व्हायला हवी. नातेवाईक भांडे न मोजताच ओतून टाकतात, त्यामुळे तक्त्यात ‘झाली’ एवढीच नोंद उरते. मात्र जेंटामायसिन, अमिकासिनसारख्या प्रतिजैविकांनी झालेल्या इजेत लघवी भरपूर होऊनही क्रिएटिनिन चढत राहते.

मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा 40 च्या वर जातो. अंगातले पाणी आटणे हे इथले नेहमीचे कारण. त्यावर अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन घेतले, की मूत्रपिंडांना होणारा रक्तपुरवठा आणखी आखडतो. जंतुसंसर्ग, बाळंतपणातला रक्तस्राव, मुतखडा, पुरुषांतली प्रोस्टेट ग्रंथीची वाढ ही इतर कारणे. पेरणीच्या दिवसांत घोणस चावलेले रुग्ण येतात. त्यांचे रक्त कोरड्या काचेच्या नळीत 20 मिनिटे न हलवता ठेवून मग कलते करून पाहतात. गोठले नसेल, तर प्रतिविष लगेच हवे. लघवी लाल होण्याची वाट पाहत बसू नये.

उपचारात आधी कारण दूर करायचे. कॅथेटर म्हणजे लघवीची नळी तुंबलीय का, हे पाहायला मिनिटही लागत नाही. पाणी कमी असेल तर सलाईन. पण पाय सुजलेल्या, धाप लागलेल्या रुग्णाला तेच सलाईन बुडवते. वेदनाशामके थांबवावीत, बाकीच्या औषधांचे डोस पुन्हा ठरवावेत. ‘लघवीचे इंजेक्शन’ म्हणजे फ्युरोसेमाइड साचलेले पाणी काढते, मूत्रपिंड दुरुस्त करत नाही.

पोटॅशियम वाढले तर हृदय बंद पडू शकते. ईसीजीत उंच टोकदार टी-लहरी दिसल्यास कॅल्शियम ग्लुकोनेट हृदयाला सावरते. पोटॅशियम उतरवायला इन्सुलिन आणि ग्लुकोज लागते. अशा वेळी प्रेमाने आणलेले नारळपाणी किंवा जालन्याच्या मोसंबीचा रस पाजू नये, दोन्हींत पोटॅशियम आहे.

औषधांना न जुमानणारे पोटॅशियम किंवा रक्तातली आम्लता, फुप्फुसांत पाणी, रक्तात युरिया हा टाकाऊ घटक चढून येणारी गुंगी या स्थितींत डायलिसिस करावे लागते. ‘एकदा लागले की जन्माचे’ या धास्तीने घरचे नकार देतात; तीव्र इजेत मूत्रपिंडे सावरल्यावर ते बहुतेकदा थांबवता येते. डिस्चार्ज कार्डावर शेवटचे क्रिएटिनिन लिहावे आणि 3 महिन्यांनी ते पुन्हा तपासावे.